आधी तेल, मग कोरडे : बोलिंगच्या लेनचा अभ्यास करू पाहणाऱ्यांसाठी प्रस्तावना

टेनपिन बोलिंगचा बॉल विकत घ्यायला निघालेला माणूस दुकानदाराला हमखास विचारतो, की सगळ्यात जास्त वळणारा बॉल कोणता. दुकानदार जाणता असेल तर उलट विचारतो, ‘खेळता कुठे?’ ज्या विषयाची ओळख मला इथे करून द्यायची आहे, त्याची सुरुवात या उलट प्रश्नापासून होते. बॉलला स्वतःची अशी ठरलेली चाल नसते. ती बॉल आणि लेन मिळून ठरवतात, आणि त्यात लेनचा वाटा नवख्याला वाटतो त्यापेक्षा पुष्कळ मोठा असतो. कालच्या लेनवर भरभरून वळलेला बॉल आज शेजारच्या लेनवर सरळ निघून जातो. त्याच लेनवरही पहिल्या गेमला पिनांमधल्या हव्या त्या फटीत बिनचूक येणारा बॉल तिसऱ्या गेमला पहिल्या पिनेच्या नाकासमोर येऊन धडकतो. असे का होते, याची कारणे सापडतात, मोजता येतात आणि बऱ्याच अंशी आधी सांगताही येतात. म्हणून हा अभ्यासाचा विषय आहे.

आपल्याकडे हा खेळ बहुतेकांना मॉलमध्ये भेटतो. भाड्याचे बूट, रॅकवरचा रंगीत बॉल, चार मित्र आणि दोन गेम. रॅकवरचा तो बॉल पॉलिएस्टरचा, गुळगुळीत आणि सरळ जाणारा असतो, त्यामुळे समोरच्या लेनवर तेल पसरलेले आहे हे खेळणाऱ्याला कळण्याचे कारणच नसते. मात्र टीव्हीवरचे खेळाडू बॉल गटरच्या काठापर्यंत नेऊन पुन्हा मधोमध कसा आणतात, असा प्रश्न ज्याला एकदा तरी पडला, त्याचे या विषयात स्वागत आहे. पूर्वतयारी म्हणून अकरावीचे भौतिकशास्त्र आणि थोडा धीर, एवढे पुरते.

आधी लेन नीट पाहू. फाउल लाइनपासून, म्हणजे फेकीच्या रेषेपासून, पहिल्या पिनेपर्यंत ६० फूट, रुंदी साडेएकेचाळीस इंच. या रुंदीत ३९ पट्ट्या, प्रत्येकी इंचाहून किंचित रुंद. त्यांना बोर्ड म्हणतात. उजव्या हाताने खेळणारा ते उजवीकडून मोजतो, डावखुरा डावीकडून. फाउल लाइनच्या पुढे १२ ते १६ फुटांवर सात बाण असतात, दर पाचव्या बोर्डावर एक, आणि कसलेले खेळाडू लांबच्या पिनांऐवजी या जवळच्या बाणांवर नेम धरतात. ही मापे जगभर सारखी आहेत. त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला सगळ्या लेन एकाच साच्यातल्या वाटतात.

फरक असतो तेलाचा. खनिज तेलापासून केलेला हा पातळ, जवळजवळ रंगहीन द्रव एक यंत्र लेनवर लावत जाते. एका लेनला साधारण २० ते ३० मिलिलिटर लागते, म्हणजे चहाचे पाच-सहा चमचे. बहुतेक वेळा ते सुरुवातीच्या चाळीसेक फुटांवरच असते. पिनांपुढचा भाग कोरडा ठेवतात. इथे एक छोटा हिशेब करू. ४० फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद म्हणजे १४० चौरस फूट, अर्थात १३ चौरस मीटर. त्यावर २५ मिलिलिटर तेल सारखे पसरले, तर थराची जाडी भरते जेमतेम २ मायक्रॉन, मिलिमीटरचा पाचशेवा भाग. सुमारे सव्वासात किलोपर्यंतचा बॉल या थरावरून धावतो, आणि तो कुठे वळणार हे हा थर ठरवतो. प्रत्यक्षात तेल सारखे पसरलेले कधीच नसते. कुठे किती असावे हे यंत्राला आधी सांगून ठेवलेले असते, आणि त्या मांडणीलाच ऑइल पॅटर्न म्हणतात.

मुळात हे तेल खेळासाठी आलेले नाही. जुन्या लेन लाकडाच्या असत. बॉल जिथे आदळतो ती सुरुवात आणि पिना जिथे उभ्या राहतात तो शेवट कठीण मेपलचा, मधला लांब पट्टा पाइनचा, आणि वरून लॅकरचा हात. घासून जाणाऱ्या बॉलने हा लेप आणि खालचे लाकूड खराब होऊ नये म्हणून तेल लावू लागले. पुढे कृत्रिम लॅमिनेटच्या लेन आल्या, बोर्डांच्या रेषा नुसत्या छापील उरल्या, तेल मात्र राहिले. राखणीसाठी आलेली गोष्ट खेळाच्या केंद्रस्थानी जाऊन बसली, हा या क्षेत्राच्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल आहे असे मी मानतो.

आता गाभ्याकडे. १८३५ साली फ्रेंच गणिती कोरिओलिस याने बिलियर्ड्सच्या गणितावर एक ग्रंथ लिहिला. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्यांना मिळणाऱ्या वळणाशी ज्याचे नाव जोडले गेले, तोच हा कोरिओलिस. सगळीकडे सारखे घर्षण असलेल्या पृष्ठभागावर फिरत फिरत घसरणारा गोळा परवलयाच्या वाटेने जातो, आणि घसरणे संपून गडगडणे सुरू झाले की सरळ रेषेत जातो, हे त्याने दाखवले. बोलिंगचा सगळा विचार या एका वाक्यावर उभा आहे. घसरणे चालू आहे तोवरच बॉल वळू शकतो. एकदा गडगडू लागला की त्याची दिशा ठरली.

मग घसरणे किती वेळ टिकते? समजा, बॉल सेकंदाला ८ मीटर वेगाने, म्हणजे ताशी सुमारे २९ किलोमीटरने सुटला. हिशेब सोपा व्हावा म्हणून तो आतून एकसारखा भरीव आहे आणि सुटताना फिरत नाही असे धरू. घर्षण त्याचा वेग कमी करते आणि त्याला फिरवायला लागते. मूळ वेगाचा ५/७ भाग उरला की घसरणे थांबते आणि बॉल गडगडू लागतो. कोरड्या लेनसाठी घर्षणाचा गुणांक साधारण ०.२ धरतात, तेलावर ०.०४. कोरड्यावर उत्तर येते सव्वा सेकंदाहून कमी. तेवढ्यात बॉल ८ मीटर, म्हणजे २६ फूट गेलेला असतो. तेलावर उत्तर येते जवळजवळ ५.८ सेकंद. पण पिना तर अडीच सेकंदांच्या आतच गाठल्या जातात!

या दोन उत्तरांपाशी जरा थांबावे. संपूर्ण कोरड्या लेनवर बॉलची वळण्याची ताकद अर्ध्या वाटेच्या आधीच खर्च होते, आणि उरलेले ३४ फूट तो मुकाट सरळ जातो. संपूर्ण तेलकट लेनवर ती ताकद वापरण्याची संधीच मिळत नाही. वळण पिनांच्या जवळ हवे असेल तर आधी तेल आणि मग कोरडे, असा क्रम लागतो. आधी ताकद राखायची, मग खर्च करायची. खऱ्या खेळाडूचा बॉल आडव्या-तिरप्या अक्षावर फिरत सुटतो, त्यामुळे आकडे बदलतात. क्रम बदलत नाही. वाचकाने हा हिशेब एकदा स्वतः कागदावर मांडून पाहावा. त्यानंतर खेळाडूंच्या तोंडी असलेले तीन टप्पे, घसरणे, वळणे आणि गडगडणे, वेगळे पाठ करावे लागत नाहीत. याहून पुढे जायचे असेल तर ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये हॉपकिन्स आणि पॅटरसन यांनी १९७७ साली आणि क्लिफ फ्रोलिक यांनी २००४ साली लिहिलेले लेख आहेत. फ्रोलिक यांचा लेख तर बॉल वळतो कशामुळे, याच प्रश्नावर आहे.

वळण हवेच कशाला, असा रास्त प्रश्न इथे कोणी विचारेल. त्याचे उत्तर पिनांपाशी आहे. उजव्या हाताच्या खेळाडूचे लक्ष्य असते पहिल्या आणि तिसऱ्या पिनेमधली फट, म्हणजे पॉकेट. ती साधारण साडेसतराव्या बोर्डावर येते. लेनच्या अगदी उजव्या काठावरून सरळ रेषेत तिकडे फेकले तरी बॉल आत शिरतो तो दीड अंशाहून कमी कोनात. जाणकारांच्या मते उत्तम कोन सहा अंशांच्या आसपासचा. बिनचूक स्ट्राइकमध्ये बॉल स्वतः फक्त चार पिनांना शिवतो, पहिली, तिसरी, पाचवी आणि नववी. बाकीच्या सहा पिना पिनांनीच पाडलेल्या असतात. सरळ आलेला बॉल दीड किलोच्या पहिल्या पिनेला लागून बाजूला सरकतो आणि पाचवीपर्यंत नीट पोचत नाही. सहा अंशांचा कोन सरळ फेकीने भूमितीतच बसत नाही, म्हणून हुक, म्हणजे वळणारी फेक.

पॅटर्नची दोन मोठी घराणी आहेत. रोजच्या खेळासाठी लावतात तो हाउस शॉट. यात मधल्या बोर्डांवर तेल दाट आणि काठांकडे विरळ असते. मधले काठाच्या दहापटही असू शकते. याचा परिणाम फार दयाळू असतो. बॉल उजवीकडे जास्त गेला तर कोरड्यावर पडून जोरात परत येतो. मध्ये राहिला तर तेलावर घसरत कमी वळतो. दोन्हीकडच्या चुका पॉकेटकडेच वळवल्या जातात. स्पर्धेचे पॅटर्न ही दया दाखवत नाहीत. त्यांत मधल्या आणि काठाच्या तेलाचे प्रमाण तीन-चारास एक इतपतच ठेवतात, आणि एका बोर्डाची चूकही पिनांपाशी पुरेपूर वसूल होते. अमेरिकेतील व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेने, म्हणजे पीबीएने, आपल्या पॅटर्नना प्राण्यांची नावे दिली. चीता आखूड, शार्क लांब, आणि अधेमध्ये वायपर, कमेलिअन, स्कॉर्पिअन. हाउस शॉटवर दोनशेची सरासरी राखणारा खेळाडू शार्कवर आला की त्याला आपला खेळ नव्याने पाहावा लागतो. शिकायचे असेल तर दुसऱ्या घराण्याच्या लेनवर लवकर जावे. हाउस शॉट आनंद देतो, पण खेळाडूपासून त्याच्या चुका लपवून ठेवतो.

लांबीवरून जागा ओळखण्याचा एक जुना आडाखा आहे. पॅटर्नची लांबी फुटांत घ्यावी आणि तीतून ३१ वजा करावे. तेल संपते तिथे बॉल साधारण त्या क्रमांकाच्या बोर्डावर असावा. ३५ फुटांचा पॅटर्न असेल तर चौथा बोर्ड, अगदी गटरच्या शेजारी. ४४ फुटांचा असेल तर तेरावा, बराच आत. कारण सरळ आहे. तेल लवकर संपले तर बॉलला वळायला लांब पल्ला मिळतो, म्हणून त्याला दूर न्यावे लागते. उशिरा संपले तर परतायला जागाच उरत नाही. हा आडाखा म्हणजे नियम नव्हे. पहिल्या फेकीसाठी तो चांगला, पुढे डोळ्यांवर विश्वास ठेवावा.

आता बॉलकडे वळू. विसाव्या शतकाच्या आरंभी बॉल लिग्नम व्हिटी या अतिकठीण लाकडाचे होते, मग कडक रबराचे आले, १९६० च्या सुमारास पॉलिएस्टरचे. या काळात वळण मुख्यतः हाताचे काम होते. १९७३ साली डॉन मॅक्यून या व्यावसायिक खेळाडूने पॉलिएस्टरचा बॉल मिथिल इथिल कीटोन या द्रावकात भिजवला. बाहेरचा थर मऊ पडला, लेनला जास्त पकडू लागला, आणि त्या वर्षीचा पीबीएचा सर्वोत्तम खेळाडू मॅक्यून ठरला. हे द्रावक झटकन पेट घेणारे असते. तरीही इतर खेळाडूंनी बादल्या भरून तोच प्रयोग केला, आणि लवकरच कठीणपणाची किमान मर्यादा नियमांत आली. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. बॉलचे वजन तेच, आकार तोच, हात तोच. बदलली ती फक्त बाहेरची मिलिमीटरभर त्वचा, आणि खेळ पालटला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पॉलियुरेथेन आले, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रिअॅक्टिव्ह रेझिन. या रेझिनमध्ये सूक्ष्म छिद्रे असतात आणि ती तेल पितात. त्यामुळे बॉल तेलावर घसरत जातो आणि कोरड्यावर येताच जोरात पकड घेतो.

जाहिराती मात्र त्वचेपेक्षा पोटाबद्दल जास्त बोलतात. बॉलच्या आत जड गाभा असतो, कोअर. त्याचा आकार कधी दिव्यासारखा, कधी पूर्ण वाकडातिकडा. तो बॉल किती लवकर फिरू लागेल आणि फिरताना अक्ष किती सरकेल हे ठरवतो. अक्ष सरकला की प्रत्येक फेऱ्याला बॉलचा नवा, तेल न लागलेला भाग लेनला टेकतो. खेळून आलेल्या बॉलवर तेलाची वेगवेगळी वर्तुळे दिसतात ती यामुळेच. कोअरचे महत्त्व खरे आहे. तरी क्रम लावायचा झाला तर मी त्वचा आधी ठेवीन आणि कोअर नंतर. अमेरिकेच्या बोलिंग काँग्रेसने, म्हणजे यूएसबीसीने, २००० नंतरच्या दशकात बॉलच्या चालीचा जो मोठा अभ्यास केला, त्यातही पृष्ठभागाचा खरखरीतपणा आघाडीच्या घटकांत निघाला.

हे हाताने करून पाहता येते. ५०० नंबरच्या चकतीने घासलेला बॉल तेलातही लेनला ओरबाडत जातो, लवकर फिरू लागतो आणि शेवटी त्याचे वळण गोलसर, शांत असते. तोच बॉल ४००० ने घासून वर पॉलिश केला, तर तो लांबवर घसरत जातो आणि कोरड्यावर एकदम कोन करतो. म्हणून दाट तेलासाठी निस्तेज, खरखरीत बॉल. विरळ तेलासाठी चकचकीत. उरलेली एखादी कोपऱ्यातली पिन पाडायला पॉलिएस्टरचा, ज्याला तेल आणि कोरडे सारखेच. नवख्या माणसाने नवा बॉल घेण्याआधी जुन्याच बॉलचा पृष्ठभाग बदलून पाहावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. खर्च चकतीचा, आणि त्यातून जे शिकायला मिळते ते कुठल्याही कॅटलॉगमध्ये सापडत नाही. खेळ संपल्यावर बॉल लगेच पुसावा, हेही त्यातच आले. शोषलेले तेल साचत गेले की रिअॅक्टिव्ह बॉल थकतो.

या विषयातला सगळ्यात अवघड आणि मला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे खेळता खेळता बदलणारी लेन. क्रिकेटचा कर्णधार खेळपट्टीवर वाकून भेगा पाहतो, माती दाबून पाहतो. इथे पाहायला काहीच नसते, आणि बदल दिवसांत नव्हे, मिनिटांत होतो. प्रत्येक फेकीला बॉल थोडे तेल उचलून नेतो. रिअॅक्टिव्ह बॉल ते पिऊन टाकतात, आणि जिथून ते वारंवार जातात तिथली वाट सुकते. मग बॉल लवकर पकडतो आणि पहिल्या पिनेच्या डावीकडे जातो. पॉलियुरेथेन आणि पॉलिएस्टरचे बॉल तेल फारसे पीत नाहीत, ते पुढच्या कोरड्या भागात नेऊन टाकतात, आणि मग बॉल पॉकेटपर्यंत पोचत नाही. एकाच लेनवर दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असतात. दोन लेनच्या जोडीवर आलटून पालटून खेळताना डावी लेन आणि उजवी लेन वेगवेगळ्या वेगाने बदलतात. डावखुरे कमी असल्याने लेनची डावी बाजू हळू बदलते. कधी हा त्यांचा फायदा ठरतो, कधी त्यांना हव्या त्या वेळी वाट तयार होत नाही. आपल्या जोडीवर आधी कोण खेळले, कोणत्या बॉलने खेळले आणि कुठून खेळले, याची नोंद ठेवणारा खेळाडू इतरांच्या दोन फेकी पुढे असतो.

तेलाखालची लेनही पूर्ण सपाट नसते. नियम ०.०४ इंचापर्यंत उंचसखलपणा चालवून घेतात, म्हणजे सुमारे एक मिलिमीटर. त्या उताराने शेजारशेजारच्या लेनचे स्वभाव वेगळे होतात. तापमान वाढले की तेल पातळ होते. हे घटक लहान आहेत. सुरुवातीला त्यांच्या मागे लागू नये.

नियमांकडे मात्र दुर्लक्ष करून चालत नाही, कारण बॉल किती वळावा हा वाद मुळात नियमांचा आहे. यूएसबीसीने बॉलचे वजन, कठीणपणा, खरखरीतपणा, कोअरची मापे यांवर मर्यादा घातल्या आहेत. १ ऑगस्ट २०२० पासून बोटांच्या कामाचे नसलेले, केवळ तोल बदलण्यासाठी पाडलेले छिद्र बंद झाले. बॉल तेल जास्त पितात, म्हणून लेनवर तेल जास्त लागते, म्हणून आणखी पकडणारे बॉल येतात, हे चक्र कुठेतरी थांबवावे हा त्यामागचा विचार मला पटतो. विरुद्ध बाजूचे म्हणणे, की तंत्रज्ञानाने खेळ सोपा झाला तर अधिक लोक टिकतात, तेही खोटे नाही.

संशोधनाला अजून भरपूर वाव आहे. टेक्सासमधील आर्लिंग्टन इथे यूएसबीसीकडे ‘अर्ल’ नावाचा फेकणारा यंत्रमानव आहे. थोर डावखुरा खेळाडू अर्ल अँथनी याची आठवण त्या नावात आहे. हा यंत्रमानव एकच फेक हुबेहूब पुन्हा पुन्हा करतो, म्हणून हाताचा फरक गाळून उरलेला फरक लेनचा आणि बॉलचा, असे म्हणता येते. २०२५ साली इंग्लंड-अमेरिकेतील संशोधकांच्या एका गटाने सहा समीकरणांचे प्रारूप मांडून, तेलाच्या दिलेल्या पॅटर्नवर कुठून कुठे फेकावे हे संगणकावर शोधून दाखवले. पण त्या समीकरणांना तेलाचा जो नकाशा लागतो, तो खेळ सुरू होताच जुना होतो. तो खेळताना मोजत राहण्याची पद्धत ज्याला सापडेल, त्याच्यासाठी हे क्षेत्र मोकळे आहे. भौतिकशास्त्राचे, रसायनशास्त्राचे आणि संगणकाचे विद्यार्थी इथे हवे आहेत, आणि पिनांच्या पलीकडे पाहणारे खेळाडूही.

तुमच्या जवळपास लेन असेल तर पुढच्या वेळी एक वही सोबत न्या. बॉल कोणत्या बाणावरून गेला, कुठे वळू लागला आणि पिनांना कुठे लागला, या तीन गोष्टी प्रत्येक फेकीनंतर लिहा. शक्य असेल तर आज किती फूट तेल लावले आहे, हे काउंटरवर विचारा. बहुतेक ठिकाणी सांगणारा माणूस असतो, आणि कोणी विचारले की त्याला बरे वाटते.